एव्होरातली फुकटची पायरी

४ सप्टेंबर, गुरुवार

नवीन काम आलं — एव्होरा! पोर्तुगालमधलं जुनं, ऐतिहासिक गाव. विषय: लॅपटॉपवर काम करत जग हिंडणाऱ्यांनी एव्होरात फुकट काय काय बघावं. दोन हजार शब्द, इंग्रजीत, बुधवारपर्यंत.

लेखावर नाव एलेनाचं. एलेना म्हणजे दहा वर्षं एव्होराच्या गल्ल्यांत रमलेली, कुरळ्या केसांची हसरी बाई. ती जगात कुठंच नाही. फोटो विजयसिंह सरांनी कुठून उचलला, देव जाणे. सर म्हणजे आमचे मालक. बारामतीत भिगवण रोडला खताच्या दुकानावर एक खोली, तीत दोन खुर्च्या, आणि दाराबाहेर पाटी — 'ग्लोबल'.

एलेना नाही, पण मी आहे. अंथुर्ण्याची स्वरूपा. वय एकतीस, एम. ए. इंग्रजी. पासपोर्ट नाही. समुद्र एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून.

आणि हे लॅपटॉपवाले! पगार डॉलरमध्ये, आणि बघायचं सगळं फुकट. आमच्याकडं जत्रेतल्या पाळण्यात बसायलासुद्धा माणूस पैसे देतो.

५ सप्टेंबर

माणसांच्या हाडांनी मढवलेलं एक प्रार्थनाघर आहे तिथं. तिकीट लागतं. यादीतून बाद!

७ सप्टेंबर, रविवार

नेटवर गावाचे रस्ते दिसतात, आपणच चालत असल्यासारखे. दुपारभर तशीच हिंडले. मागं कुशाआत्या येऊन बसली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून ती अंगणाच्या पुढं जात नाही. आज मात्र एव्होरा पालथं घातलं तिनं!

आधी रोमन देवळाचे खांब दाखवले. "वरचं छप्पर कुठंय?" दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे म्हटलं. "मग आता तरी घालावं की."

मग बाग. तिथं मोर हिंडतात, बघायला पैसे नाहीत. आत्या बघतच राहिली. "मोर बघायला एवढ्या लांब जात्यात? मोरगाव काय वाईट हाय?"

पण त्या जुन्या पाटापाशी ती पडद्याजवळ सरकली. सोळाव्या शतकात गावाला पाणी आणायला बांधलेला, उंच कमानींवरून जाणारा पाट. आणि एका गल्लीत त्या कमानींच्या पोटातच घरं! कमानीत दार, कमानीत खिडकी. आपल्या डाव्या कालव्याच्या पुलाखाली कुणी संसार मांडावा तसं.

"थांब की हितं. ही पायरी बघ, सावलीत हाय. जरा टेकू."

टेकलो. म्हणजे मी लिहिलं — 'जुन्या पाटाच्या कमानीखाली एक दगडी पायरी आहे. अकरानंतर दाट सावली. समोरच्या कॅफेचं वायफाय इथपर्यंत येतं. लॅपटॉप उघडा, दिवसभर बसा. एव्होरातली सगळ्यात सुंदर फुकट जागा!'

वायफाय येतं की नाही, मला काय ठाऊक. सर नेहमी म्हणतात, "फील आणा, स्वरूपा मॅडम, फील." आणला.

१० सप्टेंबर

लेख दिला. फोनवर सरांचा अंगठा आला.

२ ऑक्टोबर, दसरा

एव्होरा चाललं! सर ज्यांना लेख पुरवतात त्या साईटवाल्यांनी कळवलं, गेल्या महिन्यातला सगळ्यात जास्त वाचलेला लेख. लोक पायरीवर बसून फोटो टाकतायत. तेवीस मोजले मी. एकीनं खाली लिहिलंय, 'थँक यू एलेना, तू माझं आयुष्य बदललंस.' पायरीवर बसून! आमच्या चावडीच्या पायरीवर गेणबातात्या चाळीस वर्षं बसतात. त्यांच्या आयुष्यात काडीचा फरक नाही.

आत्याला फोटो दाखवले. ती खूश. "माजी पायरी हाय ती."

१४ ऑक्टोबर

एलेनाला मेल आला. वाचकांचे मेल मीच बघते. पोर्तुगीजमध्ये होता, मशीननं मराठी करून दिला.

बाईचं नाव लुर्देस. वय अठ्ठ्याहत्तर. लिहिते — 'तुम्ही जिला फुकट जागा म्हणता, ती माझ्या घराची पायरी आहे. एकोणपन्नास वर्षं मी तिथं भाड्यानं राहते. सकाळी दार उघडायचं तर आधी कुणाला तरी उठवावं लागतं. परवा एका मुलानं खिडकीतून वायर आत दिली आणि खुणेनं सांगितलं, लाव. काल एकानं मला माझा रेडिओ बारीक करायला सांगितला. त्याची मीटिंग चालली होती.'

आणि शेवटी — 'तुम्ही दहा वर्षं इथं राहता, तर आपण भेटलो कशा नाही? आमच्या गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात.'

लॅपटॉप मिटला. परत उघडला. परत मिटला.

१५ ऑक्टोबर

सरांना फोन केला. तेवढी पायरी काढू या म्हटलं.

"अहो, पायरीवरच तर लेख उभाय!"

बाई म्हातारी आहे म्हटलं.

"मग आत बसावं तिनं. बाहेरची पायरी सार्वजनिक असती."

हे कुठल्या कायद्यात, ते विचारायचं राहिलं.

१६ ऑक्टोबर

आत्याला सगळं सांगितलं. तिनं ती पायरी पडद्यावर परत उघडायला लावली. मग म्हणाली, "दार उघडं हाय का मिटलेलं, ते बघाय पायजे हुतं आपण."

'आपण' म्हणाली. 'तू' नाही म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. एसटीनं बारामती. फोनवर माणूस टाळतो, समोर टाळता येत नाही, असा माझा हिशेब. चुकला! सरांनी चहा मागवला, फराळाचा डबा पुढं केला आणि एकदम म्हणाले,

"पोर्तुगालची बारा गावं मिळालीत. सगळी तुम्हाला. हाताखाली दोन पोरी. आता तुम्ही संपादक."

"पण सर, ती पायरी—"

"अहो, जग बघा जरा. एका पायरीसाठी बारा गावं घालवायची?" मग आवाज खाली आणून, "मेलला गोड उत्तर द्या. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच लागतं."

आणि मी — मी हो म्हणाले! चकली खात हो म्हणाले. येताना एसटीत संपादक, संपादक असं मनात घोळवत होते. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं झालं. आता लोक इचारायचे थांबतील, पोरगी घरात बसून काय करती."

मग एलेना होऊन लुर्देसबाईंना गोड लिहिलं. आपल्या भावनांची आम्ही कदर करतो. योग्य ती दखल घेऊ. एलेनाचा स्वभाव फार छान आहे.

२९ ऑक्टोबर

लुर्देसबाईंचं उत्तर. 'धन्यवाद एलेना. कुणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं. आता इकडून जाल तेव्हा खिडकीवर टकटक करा. कॉफी करीन. माझ्या हातचा केक गल्लीत प्रसिद्ध आहे.'

जेवताना पत्र परत वाचत होते. आत्यानं विचारलं, "काय म्हणती बाई?"

"कॉफीला बोलावलंय."

"कुणाला? तुला का त्या फोटोतल्या बयेला?"

३ नोव्हेंबर, सोमवार

लिहिलं. दोन पत्रं.

पहिलं लुर्देसबाईंना. एलेना नाही. कधीच नव्हती. मी स्वरूपा. भारतात, पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात अंथुर्णे नावाच्या गावात राहते. तुमची पायरी मी आणि माझ्या आत्यानं पडद्यावर पाहिली. आत्याचे गुडघे दुखतात, सावली दिसली म्हणून आम्ही टेकलो. दार तुमचं आहे हे ध्यानात आलं नाही. चूक माझी.

दुसरं साईटवाल्यांना, परदेशात. एलेना कोण आहे, तिच्या गावांत कोण गेलंय आणि कोण नाही, सगळं. खाली माझं नाव, माझा फोन.

पाठवायच्या बटणावर बोट नेलं, मागं घेतलं. आत्या शेजारी लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "दाब की. सुतळी बाँब हाय व्हय तो?"

होता.

५ नोव्हेंबर

साईटवाले भलतेच तत्पर. एलेनाचे सगळे लेख काढले, एव्होरासकट. सरांचं कामही बंद.

सरांचा फोन. एवढं शुद्ध मराठी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "तुम्ही कृतघ्न आहात." त्यांना हा शब्द येतो, हे माहीत नव्हतं.  

६ नोव्हेंबर

राजेश्वरीचा फोन. माळेगावची, माझ्यासारखीच सरांकडं लिहायची. ग्रीसची बेटं तिच्याकडं होती. धाकटीचं नर्सिंग तिच्या या कामावर चाललंय.

"तुझं मन शांत झालं ना? झोप लागली ना? मग माझं काय? आम्ही पाचजणी होतो, स्वरूपा. एकदा फोन करून विचारायचंस तरी!"

विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. हे तिला सांगितलं नाही. इथं लिहितेय.

९ नोव्हेंबर

लुर्देसबाईंचं पत्र! भीत भीत उघडलं.

लिहिते — 'तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. एलेना मला तशीही आवडली नव्हती. फार गोड बोलायची. तुझ्या आत्याला सांग, गुडघ्यांसाठी सावली शोधणाऱ्या बाईवर मी रागवत नाही. त्या पायरीवर मीसुद्धा त्यासाठीच बसते. म्हणजे बसायचे.' मग विचारलंय, तुमच्या गावाला पाणी कुठून येतं.

आत्यानं उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं. डावा कालवा, पाटाचं आवर्तन, उसाला पाणी, सगळं. आणि शेवटी, "लिव्ह, आमच्या पाटाखाली कुणी ऱ्हात न्हाय. पाण्यावरचा पाटकरी ऱ्हाऊ देत न्हाय."

१७ नोव्हेंबर

राजेश्वरीला इंदापूरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचं काम आहे म्हणून कळवलं. ते मला विचारत होते. तिनं मेसेज वाचला. उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

राजेश्वरी क्लासवर रुजू झाली. मला क्लासवाल्यांकडून कळलं. ठीक आहे. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

मला सध्या काम नाही. आबा विचारत नाहीत. न विचारण्याची एक पद्धत असते, ती वापरतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवस चांगला! लुर्देसबाईंनी फोटो पाठवलाय. पायरी मोकळी. तीवर ती स्वतः, काळा स्वेटर, मांडीवर मटाराची परात. 'आठ दिवसांत एकही लॅपटॉप नाही. एक जोडपं आलं होतं. मी रेडिओ मोठा केला.'

आत्यानं फोटो दहा वेळा बघितला. "बघ, बाई बसली आपल्या जागी." संध्याकाळी तिनं सगळ्या आळीला सांगितलं, तिच्या भाचीनं पोर्तुगालात एका बाईचं घर सोडवलं. आबासुद्धा हसले. मीही नको नको म्हणत ऐकत राहिले. खोटं कशाला लिहू, छाती फुगली होती.

विजयसिंह सरांनी म्हणे आता बोअरवेलच्या जाहिराती सुरू केल्यात. त्यात तरी पाणी खरं लागू दे!

१२ डिसेंबर

लुर्देसबाईंच्या मुलीचा मेल. भाडेकरार संपताच घरमालकानं घर रिकामं करून घेतलं. लॅपटॉपवर काम करत हिंडणाऱ्यांना महिन्याच्या भाड्यानं देणार आहे. पायरीचे फोटो गाजल्यापासून त्याच्याकडं विचारणा येत होती. आईला लिस्बनला मुलीकडं नेलंय, सहाव्या मजल्यावर.

शेवटची ओळ — 'आता त्या पायरीवर कुणीही बसलं तरी चालेल, एवढं आईनं तुम्हाला कळवायला सांगितलंय.'