आत्याचं काजळ

बदलापूर, ३ जानेवारी १९८८

चि. सौ. मालिनीस कुंदाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बारशाला उमा हे नाव मी ठेवलं, तेव्हा भाचीला नटवायचा मानही आत्याचाच. रघूबरोबर काजळाची डबी पाठवली आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून घरी केलंय. रघूच्या कंपनीतलं रसायन नाही त्यात. रोज आंघोळीनंतर बोटाने डोळ्यात घाल. पोरीचे डोळे टपोरे व्हायला हवेत, तुझ्यासारखे मिचमिचे राहिले तर मला बोल लावू नकोस. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, नाहीतर मीच आले असते.

लोभ आहे, तो वाढू दे.

कुंदा


उल्हासनगर, कॅम्प ५, १२ जानेवारी

ती. सौ. वन्संना मालिनीचा शि. सा. न. वि. वि.

काजळ रोज घालते. पण उमाचा डावा डोळा लाल झालाय, सकाळी चिकटून बसतो. शेजारच्या वेणूबाई म्हणतात, काजळ बंद कर. तुम्हाला विचारल्याशिवाय मी केलेलं नाही. यांच्या कानावरही घातलं नाही, भावाबहिणीत वाकडं नको. फार काळजी वाटते, लगेच कळवा.

आपली, मालिनी


बदलापूर, १५ जानेवारी

चि. सौ. मालिनीस अ. आ.

घाण बाहेर पडते आहे, पडू दे. रघूला आईने हेच घातलं, आज तो कंपनीत डोळ्यात तेल घालून मशीन सांभाळतोय. मधाचा थेंब सोड, लाली उतरेल. वेणूबाईंना म्हणावं, आपलं घर बघा.

कुंदा


उल्हासनगर, २० जानेवारी

वन्सं, नमस्कार.

मध घातला. पोर कळवळली, आणि दुसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. यांनी रजा टाकून डॉक्टरांकडे नेलं. बुबुळावर जखम आहे, दर तासाला औषध घालायचं. नजर राहील की नाही, ते आठवड्याने सांगतील. सगळं घरचंच होतं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, घरचं की दुकानचं हे डोळ्याला कळत नाही; तान्ह्याच्या डोळ्यात यातलं काहीच घालायचं नसतं.

तुमचा मान राखायला मी पोरीचा डोळा पणाला लावला. यापुढे लावणार नाही. डबी फेकून दिली. रागावलात तरी चालेल.

मालिनी


बदलापूर, २३ जानेवारी

चि. मालिनी,

पत्र मिळालं. इथल्या सरकारी दवाखान्यात भांडायला गेले होते, की माझ्या काजळात वाईट काही नाही असं लिहून द्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मूल आता कसं आहे. तशीच घरी येऊन हे लिहायला बसले.

हवं तर यापुढे बोलू नकोस, पण डोळा कसा आहे तेवढं कळव.

कुंदा


उल्हासनगर, २८ जानेवारी

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

जखम भरत आली. डाग राहील, पण काठाला, मधोमध नाही. काल डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून समोर लाल चेंडू फिरवला. उमा मान वळवून बघत राहिली. मी तिथेच रडले.

राग गेलेला नाही, जाईल तेव्हा जाईल. रविवारी हे तुमच्या सासूबाईंपाशी थांबतील, तुम्ही इकडे या. आल्यावर आधी हात साबणाने धुवा, मग तिला मांडीवर देईन. एवढ्यात आत्या म्हणून ओळखणार नाही, पण बघेल.

लोभ तुटू देऊ नये.

आपली, मालिनी