लंडनचे नंबर आणि मामांचं नाव

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मांडवगण फराटा,
दि. ११ नोव्हेंबर १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यंदा भाऊबीजेला येणं झालं नाही, रागावू नकोस. शेवंती ऐन दिवाळीत फुलली आणि तोड्याला माणूस मिळेना. आईला सांग, मी इथूनच ओवाळलं. तिचा गुडघा कसा आहे ते कळव. अंकिता मजेत आहे, मामाला पत्र लिहिणार म्हणून रोज घोकते आणि रोज विसरते.

आता ज्यासाठी पत्र काढलं ते सांगते. रांजणगावला नवी कंपनी निघाली आहे, तिथं टेलिफोनच्या बोर्डावर बाई पाहिजे. आलेला फोन ज्याचा त्याला जोडून द्यायचा, आणि शेडमधल्या माणसांना माइकवरून नावानं पुकारायचं. ह्यांनीच जाहिरात वाचली, ह्यांनीच अर्ज भरला. मी वरवर नको नको म्हणत होते, पण तुझ्यापाशी काय लपवू, मला ही नोकरी हवी आहे. लग्न झाल्यापासून दिवसभर मी फुलांशी बोलते आणि फुलं काही उत्तर देत नाहीत. मला माणसांशी बोलायचं आहे रे.

दिवाळीआधी मुलाखत झाली. पुण्याचे साहेब इंग्रजीत काहीतरी साधंच विचारत होते, पण माझी दातखीळ बसली. तोंडातून यस सरशिवाय शब्द फुटेना. शेवटी त्यांनाच दया आली. वीस तारखेला शनिवारी या आणि माइकवर बोलून दाखवा, म्हणाले. 

प्रश्न मामंजींचा आहे. ह्यांनी विषय काढला की ते उठून गोठ्याकडं जातात. त्यांच्या मनात काय आहे कळायला मार्ग नाही. दोन ओळी धीराच्या लिही.

आईला शिरसाष्टांग नमस्कार. माहेरची सावली आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्रतिभा


दौंड,
दि. १५ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. प्रतिभास,
रविराजचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाऊबीजेला आली नाहीस म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, जणू मीच तुला वाटेत अडवलं. गुडघा ठीक आहे, जीभ त्याहून ठीक आहे. मी मालगाड्यांवर गार्डाची झेंडी हलवतोच आहे.

तुझी दातखीळ बसली हे वाचून मी मोठ्यानं हसलो. जिच्या तोंडाला कुलूप घाला म्हणून अख्खी रेल्वे चाळ आपल्या आबांच्या मागं लागायची, तीच का ही? बाई गं, डॉरीन आंटीचं घर विसरलीस की काय? एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल. नवरा, म्हणजे इंजिनवरचे ड्रायव्हरसाहेब, वारल्यावर आंटी समोरच्या क्वार्टरमध्ये एकटीच राहायची. दर आठवड्याला तिच्या मोठ्या रेडिओवर खरखरत लंडन लागायचं, आणि तिथला निवेदक विलायतेतल्या वीस गाण्यांचे नंबर सांगायचा. त्या आठवड्यात दुकानांतून कुठल्या गाण्याची तबकडी जास्त खपली त्यावर ते नंबर ठरायचे. आपण दोघं फरशीवर मांडी घालून, आंटीचं कुत्रं मध्ये. गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण उठवत नव्हतं.

आबा रूळदुरुस्तीच्या गँगमधून सुटून आले की आंटीच्या दारात थबकायचे. भांडगावात गजी ढोल वाजवून मोठा झालेला माणूस. एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ह्या ढोलकऱ्याचा हात थकत कसा न्हाई, ह्यो माणूस नव्हं. आंटी चाटच पडली, कारण तो खरोखरच माणूस नव्हता. त्या सुमाराला विलायतेत यंत्रं ढोल वाजवायला लागली होती. आणि आंटीच्या मासिकातले ते फोटो! डोळ्यांत काजळ, ओठाला लाली, कपाळावर झिपऱ्या. हा बुवा की बाई, असं तू विचारायचीस आणि आंटीलाही छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

पण खरा घोळ आपला. शाळेतली चाचणी वीस मार्कांची, म्हणून आपल्याला वाटलं की लंडनचा साहेब गाण्यांना वीसपैकी मार्क देतोय. सुरुवातीला विसावं गाणं लागलं की आपण टाळ्या पिटायचो, तू गूळ-शेंगदाणे वाटायचीस. एक मार्कवालं लागलं की आपण नाकं मुरडायचो. तुझं एखादं लाडकं गाणं वीसवरून बारावर, बारावरून चारवर घसरलं की तू हुंदके द्यायचीस. सगळी विलायत ज्या गाण्यावर नाचत होती, त्याच्यासाठी दौंडात एक पोरगी डोळे पुसत होती. वर्षभरानं आंटीच्या हे लक्षात आलं. तिनं समजावलं, तर तू तिच्याशीच भांडलीस, की वीस म्हणजे वीस आणि एक म्हणजे एक.

आता मुद्द्याचं. त्या कार्यक्रमातून तू काय उचललं होतंस? नावं. दुसऱ्या दिवशी नळावर लाटणं तोंडापुढं धरून तू विसापासून एकापर्यंत सगळ्या गाणाऱ्यांची नावं त्या साहेबाच्या चालीत म्हणायचीस, आणि बायका घागरी भरायच्या थांबायच्या. अर्थ तुलाही ठाऊक नव्हता, पण चुकत नव्हतीस. शनिवारी तेच कर. साहेबाच्या तोंडाकडं बघू नकोस. समोर आंटी बसली आहे असं समज आणि बोल.

हनुमंतरावांना आणि मामांना नमस्कार, अंकिताला पापा. निकाल तातडीनं कळव, इथं दोन जीव टांगणीला आहेत.

तुझा,
दादा


मांडवगण फराटा,
दि. २८ नोव्हेंबर १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लागले रे दादा! महिनाभराच्या बोलीवर का होईना, लागले.

तू सांगितलंस तसंच केलं. चिठ्ठीवरची नावं वाचली, डोळे मिटले, आणि आवाज आपोआप त्या जुन्या चालीत गेला. आधी हळू, मग चढत चढत, आणि नावाच्या आधी जरासा दम. शेडमधली माणसं हातातलं काम टाकून भोंग्याकडं बघायला लागली. तेवढ्यात मशिनी बसवायला इंग्लंडहून आलेले हॅरिसनसाहेब धावत वर आले. हे बोलायला कुठं शिकलात, म्हणून विचारलं. मी म्हटलं, दौंड. त्यांना दौंड ठाऊक नव्हतं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत आंटीचा रेडिओ सांगितला, वीस मार्कांचा घोळ सांगितला. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तेव्हा तेही शाळेत होते. रेडिओजवळ टेपरेकॉर्डर धरून गाणी उतरवायचे आणि त्यांचे वडील मुद्दाम मध्येच खोकायचे. त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं सतराव्या नंबरावर आलं आणि पुढच्या आठवड्यात गायबच झालं, हे सांगताना अजून त्यांचा चेहरा पडतो. मी म्हटलं, आमच्याकडं सतरा म्हणजे पहिल्या वर्गात पास. बिचारे खूश झाले.

मामंजींनी एका अटीवर होकार दिला. घरची रीत मोडायची नाही, एवढंच म्हणाले. मला वाटलं, डोक्यावरचा पदर. तो मी बोर्डावरही पडू देत नाही. पण अडचण भलतीकडूनच आली.

पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये एक गायकवाड आहे. त्याचं नाव आणि मामंजींचं नाव एकच. सुनेनं सासऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही ही आपली रीत, त्यामुळं मी ते इथंही लिहीत नाही, तू ओळख. त्याच शॉपमध्ये गायकवाड आणखी एक. मी पुकारलं, प्रेस शॉपचे उंच गायकवाड. तर ठेंगणाच आला आणि मशीन अर्धा दिवस बंद पडून राहिलं. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की पूर्ण नाव स्वच्छ घेणार असाल तर राहा, नाहीतर पुण्याची मुलगी तयार आहे. तेरा तारखेला, सोमवारी, काय ते सांगायचं. हॅरिसनसाहेबांनी माझी बाजू घेतली, पण त्यांना मूळ गोष्टच उमगेना. ते म्हणे त्यांच्या सासऱ्याला नावानं हाक मारतात. मी कपाळाला हात लावला.

मामंजींना विचारायची माझी छाती होत नाही. हे म्हणतात मी विचारतो, आणि जेवण झालं की पाण्याची मोटार चालू करायला निघून जातात. न विचारता नाव घेतलं, तर ज्या माणसानं विश्वासानं बाहेर पाठवलं त्याचा मान मोडला असं होईल. आणि नोकरी सोडायची म्हटलं की रडू येतं. इतक्या वर्षांनी माझाच आवाज मला ऐकू आलाय रे. काय करू?

आईला नमस्कार. बहिणीची आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
प्रतिभा


दौंड,
दि. २ डिसेंबर १९९९

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. लागले म्हणताच तिनं साखर वाटली, पुढचं ऐकून वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, पोरीचं चुकत न्हाई आन् मामांचंबी चुकत न्हाई, मग चुकतंय कुणाचं? 

सातासमुद्रापलीकडच्या काजळवाल्या गड्यांची नावं नळावर ठणकावून घेणारी तू, आणि मांडवगणच्या एका सोपानरावांपाशी येऊन अडलीस! थट्टा पुरे. तू विचारणार नाहीस आणि हनुमंतरावांची मोटार रोज चालू होणार, म्हणून मीच मामांना पत्र टाकलं आहे. गायकवाडासकट सगळं लिहिलं. एकदा कंपनीच्या गेटवर जाऊन तिचा आवाज ऐका आणि मग तुम्ही म्हणाल तसं, असं विनवलं. तुला न विचारता केलं, भेटशील तेव्हा कान पिळ. तोवर तुझी जागा सोडू नकोस.

आईचे आणि माझे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझा,
दादा


॥ श्री बिरोबा परसन्न ॥

मांडवगण फराटा,
ता. ११ डिसेंबर

श्री. रविराज पाव्हणे यांस,
सोपानरावाचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. चौथी शिकलोय, अक्षर मेंढरावानी पांगतं, सांभाळून घ्या.

पयलं खरं सांगतो. पत्र वाचून माझं डोस्कं फिरलं. सून माझ्या घरात, आन् तिच्या मनातलं मला दौंडावरनं कळायचं व्हय? हनुमंताला झाडला.  तिला काय बोललो न्हाई. ती रोज पदर घिऊन ताट वाढती, तिला काय बोलणार.

काल यष्टी धरून रांजणगावला गेलो. तुमी म्हणला तसं ऐकाया न्हाई, तिला आणायाच गेलो व्हतो. मनात म्हणलं, आपलं नाव पुकाराया लावू. ते तिच्या घशातनं निघायचं न्हाई, मग तिची तीच घरला यील, मला वाईटपना नको. म्हणून वॉचमनला कुणाला भेटायचं ते सांगितलंच न्हाई. नुसतं म्हणलं, सोपानराव शेंडगे आल्यात, असं माइकवरनं पुकारा. त्यानं वर फोन लावून सांगितलं.

भोंगा चालू झाला आन् नुसता घूं करीत ऱ्हायला. बोलंचना कुणी. वॉचमन म्हणाला, बाई कदी अशी थांबत न्हाई. मला वाटलं जितलो. पर पाव्हणं, जितल्यासारखं काय वाटंना. वर ती एकटी बसली आसंल, आन् हितं मी म्हातारा खाली उभा ऱ्हाऊन तिचा गळा दाबतोय, आसं वाटाया लागलं. वॉचमनला ऱ्हाऊ द्या म्हणणार, तेवढ्यात ती बोलली.

म्हणाली, मांडवगण फराट्याचे श्रीयुत सोपानराव ज्योतिबा शेंडगे गेट नंबर एकवर आले आहेत. लई धीरानं, लई आदबीनं. देवाच्या आरतीत नाव घ्यावं तसं. ज्योतिबा म्हंजी माझा बाप. वॉचमनला म्या बापाचं नाव सांगितलंच नव्हतं, ते तिनं आपल्या मनानं घातलं. माझ्या बापाची हयात मेंढरामागं गेली. गावात पाटलापुढं उभा ऱ्हायचा तर नाव इचारीत नसत, जातीनं हाळी मारीत. त्याचं नाव काल एवढ्या मोठ्या कंपनीत, सायबाच्या आन् मजुराच्या डोक्यावरनं गेलं. मी पटका काढून हातात धरला. वॉचमन बघाया लागला, म्या म्हणलं ऊन लागतंय.

रीत आमच्या म्हाताऱ्यांनी घातली ती मोठ्या माणसाचा मान ऱ्हावा म्हणून. मान कुठं गेला? उलट असा मान मला माझ्या हनुमंताच्या लग्नातबी मिळाला नव्हता.

मग म्या वॉचमनला म्हणलं, अजून कुणी आलं न्हाई, परत एकदा पुकाराया सांगा. दुसऱ्या टायमाला ती थांबली न्हाई.

सुट्टीत खाली आली ती रडतच आली. पाया पडून माफी मागाया लागली. म्या म्हणलं, माफी कशापायी, सोमवारी सायबाला व्हय म्हणून सांग. आन् त्या प्रेसवाल्या गायकवाडाला आता दिवसातनं धा येळा पुकार. तेवढंच माझं नाव.

विहीणबाईंस रामराम सांगा. सोयरीक जुळली हाय ती अशीच ग्वाड ऱ्हाऊ द्या.

तुमचा,
सोपानराव ज्योतिबा शेंडगे