जपानी मालिकेतल्या ओलिसाबद्दल

चि. संयोगिता,

तोंडाने सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहून टेबलावर ठेवत आहे.

रविवारी आपण ती जपानी सरदारांची मालिका पाहिली. ओलीस ठेवलेल्या म्हाताऱ्यासमोर दार उघडे होते, तरी तो जागचा हलला नाही. विश्वजित हसला, "दार उघडं हाय की! येडंच हाय म्हातारं." तू म्हणालीस, लिहिणाऱ्यालाच जमलेलं नाही. मीही मान डोलावली.

गेल्या महिन्यात मी रंकाळ्यावरून येताना वाट चुकलो. तेव्हापासून कामाला जाताना तुम्ही मला आत ठेवून, आतून उघडणार नाही असे दाराचे लॅच बाहेरून किल्लीने लावता. आज दुपारी मी लॅचचे चारही स्क्रू आतून काढले. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले हात अजून विसरलेले नाहीत. जिन्यापर्यंत गेलोही. मग वाटले, मागे घर उघडे राहील आणि तुमचा जीव टांगणीला लागेल. परत येऊन लॅच होते तसे बसवले. एक स्क्रू झिजला होता, तो बदलला.

मालिकेतला तो प्रसंग बरोबर लिहिला आहे, असे माझे आताचे मत आहे. विश्वजितलाही सांग.

मला एक किल्ली करून द्यावी. तिला अडकवायला पितळी चकती तयार ठेवली आहे. तिच्यावर घरचा पत्ता आणि विश्वजितचा नंबर मी कोरला आहे.

आप्पा