नव्या मशीनचा वेग आणि अण्णांचे डोळे

२ जून
नवं मशीन आलं. चष्म्याच्या काचांच्या ऑर्डरींचा आमचा प्रोग्राम पुरातन. तो नव्याने लिहायचा म्हणजे वर्ष गेलं असतं. मी तो तसाच उचलून नव्या मशीनच्या आत 'जुन्या वातावरणात' ठेवला. मशीन नवं, पण प्रोग्रामला वाटतं आपण अजून जुन्याच घरी. साहेबांना सांगितलं, सगळं नव्याने लिहिलंय, वेग बघत राहाल. एका अर्थी खरंच आहे.
उद्यापासून खरोखर लिहायला घेणार.

३ जून
सोमवारपासून.

१० जून
एका आजोबांना कुठल्याशा शाळकरी मुलीच्या काचा गेल्या. दुकानांचे फोनवर फोन. साहेबांनी विचारलं, मशीनचा घोटाळा? म्हटलं, मशीन चुकत नाही. पॅकिंग अण्णांकडे असतं, पण मी त्यांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, या वयात डोळे दाखवलेले बरे.

१२ जून
कारण सापडलं. जुनं मशीन एकेक लेबल छापायचं. नवं एकदम चार कामं करतं, जे आधी उरकेल ते पुढे घुसतं. डबे मात्र जुन्याच क्रमाने येतात. डबे बंद, दिसायला सारखे. अण्णा बिचारे वरचं लेबल वरच्या डब्याला लावतात.
उपाय सोपा: लेबलांना रांग लावायची, एकामागून एक. पण मग वेग जातो.
साहेबांना उद्या सांगतो.

१३ जून
साहेब मीटिंगमध्ये.

१६ जून
साहेब मोकळे होते. माझं डोकं दुखत होतं.

१९ जून
अण्णांना गेटवर बसवलं. तात्पुरतं, म्हणे. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा. म्हटलं, ऑफिसात प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते. हिने ताट वाढलं. भाजीत मीठ नव्हतं, पण मागायचं धाडस झालं नाही.

२० जून, सकाळी
कुणी यायच्या आत रांग लावून टाकली. आता तक्रारी थांबतील, अण्णा आपोआप परत येतील. कुणालाच बोल नको. फार हलकं वाटतंय.

२७ जून
तक्रारी थांबल्या. साहेब म्हणाले, बघा, अण्णा हलले आणि चुका बंद.
हे मी धरलंच नव्हतं.

१ जुलै
अण्णा डोळे तपासून आले. काही दोष नाही. मला गाठून म्हणाले, "तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलंत. पण डोळे ठीक आहेत म्हणतात. मग माझ्या डोक्यातच काही बिघडलं असेल का हो?"
मी म्हणालो, "चहा घेऊ या."

२ जुलै
साहेबांकडे गेलो. ठरवूनच. तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, अण्णांची गेटवरची जागा आता कायमची करू, बरोबर ना?
हो म्हणालो.
संध्याकाळी निघताना अण्णांना हात केला. त्यांनी आधी मला नीट निरखून पाहिलं, मी मीच आहे याची खात्री केली, मग हात वर केला.