शेरिफेची रजई

टी. नगर, चेन्नई
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. अलकनंदा हीस रत्नाकरचे अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इथे डोक्याला ताप झाला आहे. कौशिक कंपनीच्या कामाला तुर्कस्तानात गेला होता, तिथून त्याने ऊर्मीला चित्रांचं पुस्तक आणलं. शेरिफे बाजी नावाच्या बाईचं. बाजी म्हणजे ताई. ती गोष्ट ऊर्मीला एकवीस तारखेला इथल्या मराठी मंडळात मराठीतून सांगायची आहे. नातीला मराठी बोलताना आधी तमिळ आठवतं, म्हणून लिहून देणं माझ्याकडे आलं. मी सातवी पास, तरी चार पानं लिहिली.

पोरीने वाचली आणि वही मिटली. म्हणाली, आजोबा, हे तर तुमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचंच आहे. मी ओरडलो. तेव्हापासून चार दिवस तिने माझ्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. सूनबाई नंदिता म्हणते, राहू द्या, तिचं नाव मागे घेऊ. म्हणजे माझ्यामुळे पोरीचं मराठीही गेलं.

पानं सोबत आहेत. तू बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंस, चूक सांग. पण बाई तोफेचे गोळे कोरडे ठेवते, तो भाग काढायला सांगू नकोस. आतली दारू ओलावली की गोळा म्हणजे नुसतं लोखंड. तो भाग काढला तर गोष्टीत उरतं काय?

गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसती आणून ठेवलीस? दादाची आठवण ठेव.

रत्नाकर

मिरज
९ डिसेंबर २०२५

ती. दादास अलकनंदाचा शि. सा. न. वि. वि.

तेल लावते. पानं वाचली, मोबाईलवर मूळ गोष्टही शोधून वाचली. तीन पानं पेट्या, ओलावा आणि बांधणी, आणि बाई शेवटच्या दोन ओळींत मेली! मुलं उठून जातील नाहीतर काय.

असं सांग. शंभर वर्षांपूर्वी तिथे लढाई पेटली होती. इनेबोलू बंदरात उतरलेले गोळे डोंगरापलीकडे कास्तामोनूला न्यायचे होते. पुरुष आघाडीवर, म्हणून बायका बैलगाड्या हाकत. शेरिफेच्या गाडीत गोळे होते आणि तिची तान्ही मुलगी. वाटेत बर्फ पडू लागला. रजई एकच. म्हणतात, गाडी गावाजवळ सापडली तेव्हा बाई गारठून गेली होती. रजईखाली गोळे कोरडे होते आणि मुलगी जिवंत.

दादा, तुझ्या चार पानांत ती मुलगी कुठेच नाही. तू रजई नुसती गोळ्यांवर घातलीस.

रागावू नकोस, पण पंच्याऐंशीच्या पावसातही तू हेच केलंस. कौशिक महिन्याचा होता. क्वार्टरचं छप्पर गळत होतं, आणि तू त्यावरची ताडपत्री सोडून गोदामातल्या पेट्यांवर घालायला नेलीस. तीन दिवस फिरकला नाहीस. बाळंतपणासाठी मी तिथे होते, म्हणून पाहिलं. तुळसीवहिनी बाळाला पोटाशी धरून, गळतीकडे पाठ करून बसायची. तुला प्रशस्तिपत्र मिळालं. वहिनी गेली, ते अजून भिंतीवर आहे. शेरिफेने स्वतःचं पांघरूण दिलं. तू कुणाचं दिलंस?

जास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाल.

अलका

चेन्नई
१५ डिसेंबर २०२५

चि. सौ. अलकनंदा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मास्तरणीला पेट्यांतलं काय कळतं? सगळी खेप वाया गेली असती. माझी नोकरी गेली असती. शिवाय तुळसीने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही.

पानं फाडली. एकच पान नव्याने लिहिलं, मुलीसकट. ऊर्मीच्या दाराखालून आत सरकवलं. तिचं दार अजून बंदच आहे. सहा दिवस राहिलेत, पाठ कधी करणार?

घाईत संपवतो, राग धरू नये.

रत्नाकर

चेन्नई
२२ डिसेंबर २०२५

चि. सौ. अलकनंदा हीस अ. उ. आ.

काल ऊर्मीने गोष्ट सांगितली. मधे दोन शब्द तमिळ आले, पण कुणी हसलं नाही. रजईशी आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरांनी चिप्स खाणं थांबवलं. सेक्रेटरी गुरुराज मला म्हणाले, छान लिहिलंत. मी सांगितलं, बहिणीने.

परतताना ऑटोत ती माझ्याशेजारी बसली. मला वाटलं, मिटलं सगळं. पांडी बाजारच्या गर्दीत अडकलो तर तिने विचारलं, आजोबा, त्या मुलीचे बाबा कुठे होते? मी म्हणालो, म्हणतात, ते लढाईत गेले. ती म्हणाली, मग ठीक आहे, ते येऊच शकत नव्हते. आणि बाहेर बघू लागली.

अलके, गोदामापासून आमचं क्वार्टर अर्ध्या मैलावर होतं. पाणी गुडघाभरच होतं.

त्या तीन दिवसांत तुळसी माझ्याबद्दल काही म्हणाली होती का? असेल ते लिही, माझी काळजी करू नकोस. हे विचारायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा उत्तराला उशीर करू नये, एवढी माया असू दे.

तुझा दादा
रत्नाकर