घड्याळावरची फुंकर

ता. १० फेब्रुवारी

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

तुमचं पोट कसं आहे ते आधी कळवा. शनिवारी निघालात तेव्हा चेहरा पार उतरला होता, आणि मी मेली दाराआड उभी राहिले, निरोप द्यायलासुद्धा पुढे आले नाही. कुठल्या तोंडानं येणार? बावीस वर्षं काचेच्या कारखान्याचं कँटीन सांभाळलं, दोनशे माणसं रोज जेवली, कुणाची कधी तक्रार नाही. आणि धाकट्या दिराला कौतुकानं माझं स्वयंपाकघर दाखवायला नेलं, तर त्यालाच आजारी पाडून परत पाठवलं!

मंगळवारच्या त्या जेवणानंतर माणसं एकेक करून पडताहेत. उलट्या, जुलाब. आता आकडा अकरावर गेलाय. मॅनेजरसाहेबांनी कँटीनला कुलूप लावून मला घरी बसवलंय. त्यांचं तरी काय चुकलं? शुक्रवारी ते घरी चौकशीला आले तेव्हा तुम्ही सांगितलंत की जेवून आलो त्या संध्याकाळपासून माझंही पोट बिघडलंय. पाहुणा कशाला खोटं बोलेल, म्हणाले.

बटाटे मीच निवडले होते. तेल नव्या डब्यातलं. हात धुतले होते, पण आता इतक्यांदा आठवून झालंय की तेही खात्रीनं सांगता येईना. घरातली भांडीसुद्धा मी दोन-दोनदा उकळते. परवा बाजारात पॅकिंगमधली एक बाई समोरून येताना दिसली, तर मी गल्लीच बदलली.

तुम्हाला जन्मभर नाजूकराव म्हणून चिडवलं, त्याची ही शिक्षा समजा. पाणी उकळून प्या. वहिनीवर राग धरू नका, एवढंच मागणं.

तुमची,
वहिनी

ता. १४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझं पोट आता ठणठणीत आहे. जरा खोकला आहे, पण तो हवेचा असेल.

तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. माणसं आठ दिवसांत विसरतात. इतकी वर्षं राबलात, आता सक्तीची सुट्टी मिळाली असं समजा आणि दादांना जरा स्वयंपाक करायला लावा, म्हणजे कँटीनची किंमत त्यांना तरी कळेल. दुकानात घड्याळांचा ढीग साचलाय, गिऱ्हाइकं डोकं खाताहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

आपला,
भावजी

ता. १८ फेब्रुवारी

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

काल कारखान्याच्या डॉक्टरबाई घरी आल्या होत्या. मला वाटलं, आता झालं, कामावरून कायमचं काढल्याचं सांगायला आल्या. पण त्या निवांत बसल्या, चहा घेतला. माझ्या हातचा चहा कुणी घेतला, याचंच मला रडू आलं.

त्या म्हणाल्या, अन्न बाधलं असतं तर सगळे एकाच दिवशी आडवे झाले असते. इथं कुणी गुरुवारी, कुणी थेट रविवारी. आणि पोटानं पडलेल्या बहुतेकांना मागाहून ताप आणि खोकला सुरू झाला. त्यांनी घशातले नमुने तपासून घेतले. आजार श्वासाचा निघाला, विषाणूचा. काही जणांना म्हणे तो आधी पोटातच दिसतो, खोकला नंतर येतो, कधी येतही नाही. मला खरंच वाटेना.

स्टोअरकीपरकाकांचं ऐकून मात्र पटलं. ते वीस वर्षं घरचाच डबा खातात, माझ्या कँटीनचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तेही आजारी आहेत. त्यांचंच जास्त झालंय, हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलंय. बाकी पॅकिंगमधल्या दोघी बहिणी, फोरमन, लिफ्टवाला, भट्टीवरचा तो चष्मेवाला, असे सगळे त्या मंगळवारी तुमच्याच टेबलाभोवती जमलेले.

डॉक्टरबाईंना प्रत्येकाचा पहिला दिवस लिहून हवाय. तुमच्यापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. तुमचं पोट नक्की कधी बिघडलं, तेवढं आठवून लिहा. घाई नाही, पण लिहा.

वाट पाहणारी,
वहिनी

ता. २१ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी पहाटे. जेवायच्या आधी. सकाळपर्यंत चार वेळा जाऊन आलो होतो आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून न्हाणीघराचा नळ सोडून ठेवला होता. घसाही खवखवत होता.

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मी, आणि वेळच खोटी सांगितली.

तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं. पण पन्नाशीचा माणूस, पुन्हा नाजूकराव व्हायची लाज वाटली. गोळी घेतली आणि तुमच्याबरोबर आलो. तिथं स्टोअरकीपरकाकांनी बंद पडलेलं मनगटी घड्याळ पुढे केलं, मग रांगच लागली. हौसेनं बसलो. धूळ उडवायचा रबरी फुगा दुकानात राहिला होता, म्हणून झाकण उघडायचं, तोंडानं फुंकर मारायची आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, असं चाललं होतं. वहिनी, तुम्ही पत्रात जी माणसं मोजलीत त्यांचे चेहरे मला धड आठवत नाहीत. घड्याळं आठवतात. दोघी बहिणींची सारखी, फोरमनचं काटा वाकलेलं. एकूण एक माझ्या हातातून गेलेलं.

विषाणूबिषाणू मला तेव्हा कळत नव्हतं, हे खरं. पण मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा ‘पहाटेपासून’ हा शब्द अगदी ओठावर होता. बिघडलेल्या पोटानं लोकांच्या पंगतीत बसला, असं म्हणतील म्हणून ‘संध्याकाळपासून’ म्हणालो. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दारात होतात. तुमची मान खाली गेली, ती मी पाहिली, आणि तरी मूग गिळून बसलो. वर तुम्ही माझ्या पोटाची चौकशी करता, आणि मी सुट्टीचे विनोद लिहितो! मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मॅनेजरसाहेबांच्या नावे हेच सगळं सही करून सोबत जोडलं आहे. ते त्यांना द्या. स्टोअरकीपरकाकांचं कसं आहे तेवढं एका ओळीनं कळवा. लोभ ठेवा असं लिहायचं धाडस होत नाही.

आपला अपराधी,
भावजी

ता. ३ मार्च

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

राग आला. खोटं कशाला बोलू? तुमचं पत्र दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, हातात घ्यावंसं वाटेना.

पण आता माझंही ऐका. त्या पहाटे मी जागी होते. इतका वेळ नळ कोण सोडतं हो? कळलं मला. पण वाटलं, सोमवारचं माझ्या हातचं जेवण बाधलं. विचारलं असतं तर तुम्ही तेच म्हणाला असतात. इतक्या वर्षांचा माझा तोरा, तो घरच्याच माणसासमोर उतरायला नको होता. म्हणून गप्प बसले आणि वर तुम्हाला कँटीनमध्ये मिरवायला नेलं. मॅनेजरसाहेबांसमोर मान खाली गेली ती त्यामुळेच. तुम्हाला आधीपासून त्रास होता हे मलाही ठाऊक होतं, आणि मीही बोलले नाही.

तेव्हा तुमच्या कागदाला माझा कागद टाचून दोन्ही दिले. तुमचे दादा म्हणाले, तुझ्यावरचा आळ गेला होता, तू कशाला मध्ये पडलीस? पण तुम्हाला एकट्याला तोंडघशी पाडून मला त्या चुलीपुढे उभं राहता आलं नसतं. साहेबांनी दोन्ही वाचले आणि म्हणाले की सोमवारी या.

सोमवारी दोनशेतली जेमतेम तीस माणसं आली. बाकी सगळ्यांनी डबे आणले होते. लांबच्या टेबलांवर बसले, माझ्याकडे बघेनात. मी डाव धरून उभी. तेवढ्यात स्टोअरकीपरकाका आले. हॉस्पिटलातून सुटून चार दिवस झालेत, अंगावर मांस नाही, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय. डबा नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा ताट माझ्यासमोर धरलं. दोन्ही कागद त्यांनी वाचलेत, साहेबांनीच दाखवले. बसून सावकाश सगळं संपवलं आणि मोठ्यानं म्हणाले की भाजीत मीठ कमी आहे. खरंच कमी होतं. मंगळवारी चाळीस ताटं लागली.

घड्याळ एक मिनिटही मागं पडत नाही, असं तुम्हाला कळवायला काकांनी सांगितलंय.

मेमध्ये या. आणि पहाटे काही झालं तर नळ सोडू नका, मला हाक मारा.

तुमची,
वहिनी