उन्हाच्या पाच ओळी

२८ एप्रिल. ३८ अंश.

जानेवारीतल्या त्या सकाळी मी काय काय केलं, ते आज क्रमाने लिहून काढतो. नुसतं मनात घोळवून उपयोग नाही.

सहाला शटर उघडलं. देवाला हात जोडले. भिंतीवरच्या तापमापकात बघितलं – ११. शाळेच्या मोठ्या बाईंची गाडी आदल्या दिवशीच, चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवून पट्ट्यांनी बांधली होती. बॉनेट उघडं, समोर दोन मोठे पंखे. टर्बोची गाडी आमच्याकडे भल्या सकाळीच ट्यून होते. थंड हवा दाट असते. टर्बो ती कोंबून इंजिनात घालतो, ताकद जास्त दिसते, कागदावर आकडा मोठा येतो. दादाला भिंतीवर लावायला तो आकडा हवा असतो. दुकान आम्हा दोघा भावांचं – तोंड त्याचं, हात माझे.

लॅपटॉपवर एक तक्ता असतो. आत शिरणारी हवा किती गरम, त्यावर ठिणगी किती लवकर द्यायची, हे त्यात ओळीओळीने भरायचं. वरच्या ओळी मी एकेक करून, इंजिनाचा आवाज ऐकत भरल्या. खालच्या पाच ओळी चाळिसाच्या पुढच्या. तिथवर हवा तापलीच नाही. अकरा अंशांत आणि दोन पंख्यांसमोर तापणार कशी? त्यासाठी गाडी उन्हाळ्यात परत बोलवायची, हा माझाच नियम. त्या दिवशी मात्र मी भरलेल्या शेवटच्या ओळीतले आकडे धरले आणि खाली ओढले. पाचही ओळी एका झटक्यात भरल्या! दादा हाका मारत होता. बाई ऑफिसात ताटकळल्या होत्या. मग छापील कागदावर ‘सर्व हवामानांत तपासले’ या ओळीखाली सही केली.

एवढंच. दोन सेकंदांचं काम.

२९ एप्रिल. ३८.

इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन – रिंगांमधली कड उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली.

हवा तापलेली असली की ठिणगी जरा उशिरा द्यावी लागते. नाहीतर आतलं पेट्रोल आपल्या मनाने पेटतं, पिस्टनवर हातोडे पडतात. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी भर दुपारी घाटाच्या चढावर, ट्रकांच्या मागे, बाईंना असा आवाज आला होता. ‘डब्यात खडे हलवावेत तसा,’ त्या म्हणाल्या. बरोबर वर्णन. पुढच्याच वळणावर पांढरा धूर, आणि गाडी दोराने ओढत इथे.

गाडीच्या कॉम्प्युटरात शेवटच्या मिनिटांची नोंद राहते. वाचली. तिसरा गिअर, वेग बेताचा. आत जाणारी हवा ६१ अंश. ठिणगी मात्र जानेवारीतली.

बाईंनी काहीही चुकीचं केलेलं नाही.

३० एप्रिल. ३९.

बाईंचा मुलगा आला होता. बाईही होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, पण खुर्चीत अजून तपासणीला आल्यासारख्या बसतात. मी तोंड उघडायच्या आत दादाने सुरुवात केली.

‘पेट्रोलमध्ये भेसळ किती असते हल्ली! आणि आईंनी वरच्याच गिअरमध्ये रेटली असेल चढावर. होतं असं. दुरुस्ती आमच्याकडून. तुम्ही घरचे.’

‘मी तिसऱ्यात होते.’ – बाई.

‘आई, तुला आता आठवतं तरी का?’

‘तुझी दहावीची टक्केवारी आठवते. सांगू इथे?’

सगळे हसले. मुलगाही हसला, आणि हसता हसता टेबलावरची बाईंची किल्ली उचलून खिशात घातली. ‘झाली एवढी ड्रायव्हिंग पुरे. गाडी दुरुस्त झाली की मी विकून टाकतो.’

मी फडक्याला हात पुसत होतो. हात स्वच्छ होते.

१ मे. ३९.

दादाला नोंद दाखवली. ‘ठेव मिटून,’ म्हणाला.

५ मे. ३९.

गुरुवार. घाटापलीकडे बाईंची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. दर गुरुवारी तिला न्हाऊ घालायला त्या जातात – त्यासाठीच तर ही गाडी. आज दोन बस बदलून निघाल्या होत्या. वाटेत दुकानाशी उतरल्या.

‘तो पिस्टन दाखवा.’

दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

‘हे माझ्या हातून झालं?’

मी म्हणालो, ‘चढ मोठा आहे, बाई.’

ना हो, ना नाही! पन्नाशीला आलो आणि असं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली. ‘असेल. हल्ली दुधाचा गॅसही एकदा चालू राहिला होता माझा.’ मग पिशवी उचलून स्टॉपकडे गेल्या. त्यांची चाल बघत उभा राहिलो. रस्ता ओलांडताना दोनदा थांबल्या. पूर्वी थांबत नसत.

६ मे. ३८.

रोज तारखेपुढे तापमान लिहायची सवय गावच्या शाळेतली. गुरुजींनी व्हरांड्यात सावलीला तापमापक टांगला होता. सकाळी एकाने बघायचं आणि फळ्यावर लिहायचं. माझ्या पाळीला एकदा मी कालचाच आकडा लिहिला. खेळ चालू होता, कोण जाणार बघायला! गुरुजींनी मारलं नाही. पंख्याच्या वाऱ्यासारखं शांतपणे म्हणाले, ‘कालचं ऊन आज ठेवायला तुला कोणी दिलं होतं?’ वर्ग हसला. मीही हसलो.

काल ते चाळीस वर्षांनी आठवलं. आज लिहिताना हसू येत नाही.

९ मे. ४०.

हिवाळ्यात केलेल्या आणखी दोन गाड्यांच्या ओळी मी अशाच ओढून भरल्या होत्या. दोघांना फोन केला, ‘नेहमीची तपासणी आहे’ म्हणालो, दुरुस्त करून दिल्या. ते आभार मानून गेले. एकाने मिठाईचा पुडाही आणला! कुणाला न सांगता सुधारायचं असेल तर मी किती तत्पर असतो.

बाईंच्या गाडीत नवा पिस्टन बसला. दुकानाकडच्या दुसऱ्या किल्लीने हळूहळू फिरवतो आहे, नव्या रिंगा जुळेपर्यंत.

१२ मे. ४०.

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग –

‘रोज सकाळी हात जोडून उभे राहता ना, त्याला काय सांगता? पेट्रोलमध्ये भेसळ होती?’



१४ मे. ४१.

आज बाईंची गाडी भर दुपारी घेतली. बॉनेट बंद, पंखे बंद, काचा वर. घाटाच्या पायथ्याशी ट्रकांच्या रांगेत मुद्दाम शिरलो. शेजारच्या सीटवर लॅपटॉप, कानात आवाज ऐकायचं यंत्र. आत शिरणारी हवा ४५, ५०, ५५ ... प्रत्येक ओळीवर थांबून ठिणगी थोडी थोडी मागे घेतली. खड्यांचा आवाज एकदाच आला, अगदी हलका. लगेच पाय काढला. शेवटच्या ओळीत तर जानेवारीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मागे यावं लागलं. ताकद कमी झाली. होणारच. उन्हात माणूसही जरा सावकाश चालतो.

पाच ओळींना पावणेतीन तास लागले. सदरा पिळून वाळत घातला. फार दिवसांनी कामाचं समाधान वाटलं. आणि मग आठवलं, की हे कुणाला सांगता येणार नाही.

१६ मे. ४१.

दादाला म्हणालो, बाईंच्या घरी जाऊन सांगणार आहे.

‘काय सांगणार?’

‘खरं ते.’

‘अरे, गाडी नीट झाली, आपण एक पैसा घेतला नाही, आता तुझ्या पोटात कसली कळ?’

‘मुलगा गाडी विकतोय, दादा. बाईंना वाटतंय त्यांच्या हातून झालं.’

‘अडुसष्टाव्या वर्षी टर्बो! त्याने किल्ली घेतली ते बरंच केलं म्हणायचं. आणि भिंतीवर इतके कागद आहेत, सगळ्यांवर तीच ओळ, तीच सही. उद्या प्रत्येक जण आपला कागद घेऊन दारात उभा राहील!’

‘राहू दे. सही माझी आहे, तुझी नाही.’

‘दुकान दोघांचं आहे.’

लहानपणापासून शेवटचं वाक्य त्याचंच असतं. संध्याकाळी त्याने माझ्यासाठीही चहा मागवला, पण पेला माझ्यासमोर न ठेवता बाकाच्या टोकाला ठेवला. मी प्यालो.

१७ मे. ४१.

गाडी धुऊन तयार. मुलगा शुक्रवारी न्यायला येणार. सोबत गिऱ्हाईक आणणार आहे.

१८ मे. ४१.

बाईंच्या दारापर्यंत गेलो. बेल न वाजवता परत आलो.

१९ मे. ४१. सावलीत, डोळ्यांनी बघून.

सकाळी नऊला गेलो. मुलगा कामावर निघत होता, त्यालाही थांबवलं. सांगितलं. ओळी, ओढलेले आकडे, सही, सगळं.

‘म्हणजे आई तिसऱ्यातच होती?’

‘तिसऱ्यातच.’

बाई उठून आत गेल्या, फाइल घेऊन आल्या. माझा जानेवारीतला कागद माझ्यापुढे ठेवला, वर पेन.

‘एका रेघेने खोडायचं. गिरगटायचं नाही. शेजारी सही.’

‘सर्व हवामानांत तपासले’ खोडलं. सही केली. तारीखही घातली.

मुलाने खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली. बाईंनी आधी कागद नीट वाचला, मग किल्ली उचलली.

आज गुरुवार.